नामधारी नोड : औद्योगिक गेटवेतील नाव, पत्ता आणि ओळख

पुणे आणि अहिल्यानगर या लगतच्या दोन जिल्ह्यांत केडगाव नावाची दोन गावे आहेत. एक नगर शहरास लागून पुणे रस्त्यावर वसलेले, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत परिचित असलेले; दुसरे दौंड तालुक्यात पुणे-दौंड लोहमार्गावर असलेले, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे महाराष्ट्राबाहेरही ठाऊक झालेले. नुसते ‘केडगाव’ एवढेच लिहिलेले पत्र यांपैकी कोठे पोचवावे, याचा निर्णय त्या नावातून होऊ शकत नाही. नाव चुकीचे नसते. ते अपुरे असते. डाक-तार खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिनकोडची पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली, ती अशाच अडचणींवरचा उपाय म्हणून. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि त्यांतील संदिग्धता यांतून वाट काढावयाची होती. नगरजवळच्या केडगावास ४१४००५ हा क्रमांक मिळाला, दौंड तालुक्यातील केडगावास ४१२२०३. पुढे २०२४ साली अहमदनगर हे नाव अधिकृतपणे बदलून अहिल्यानगर झाले. नाव बदलले, पण पिनकोड तोच राहिला.

या साध्या उदाहरणात तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली, माणसाने उच्चारावयाचे नाव. दुसरी, ते नाव ज्या कक्षेत अर्थपूर्ण ठरते ती कक्षा, म्हणजे तालुका अथवा जिल्हा. तिसरी, नाव बदलले तरी न बदलणारी ओळख. औद्योगिक दळणवळणातील गेटवे नावाच्या यंत्राचे परीक्षण करावयाचे झाल्यास याच तीन गोष्टींचा भेद मनात पक्का असावा लागतो. आजच्या गेटवे-रचनेतील बहुतेक दोष हा भेद पुसला गेल्यामुळे उत्पन्न होतात, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

गेटवे म्हणजे दोन भाषांमधला दुभाषा. कारखान्यातील मोटार, पाण्याच्या टाकीवरील पातळीमापक, वीजमापक ही उपकरणे एका भाषेत बोलतात. नियंत्रण कक्षातील संगणक, नोंदी ठेवणारी प्रणाली अथवा दूरच्या कार्यालयातील पडदा दुसऱ्या भाषेत विचारणा करतो. विचारणा करणाऱ्या या यंत्रांना येथे ‘ग्राहक’ म्हटले आहे. ग्राहक गेटवेकडे एखाद्या नावाने माहिती मागतो. गेटवे ते नाव आपल्या कोष्टकात शोधतो, त्यासमोर लिहिलेल्या उपकरणाच्या पत्त्यावर प्रश्न धाडतो आणि आलेले उत्तर त्या नावाखाली परत देतो. गेटवेच्या आत नाव धारण करणारी जी जागा असते तिला नोड म्हणतात. ग्राहक जोडला जातो तो या नोडशी. प्रत्यक्ष टाकीशी अथवा मोटारीशी नव्हे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सहज विसरली जाते, आणि विसरली गेल्यावरच अनर्थ होतो.

दुभाषाच्या एका बाजूस बहुधा मॉडबस ही भाषा असते. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या साधेपणामुळे ती आजही सर्वत्र आढळते. या भाषेत नाव नाही. एका तारेवरील उपकरणांना १ ते २४७ पर्यंतचे क्रमांक असतात, आणि प्रत्येक उपकरणात सोळा बिटांची रजिस्टरे क्रमवार मांडलेली असतात. ‘सतरा क्रमांकाच्या उपकरणातील पाचवे रजिस्टर वाच’ एवढेच तीत सांगता येते. त्या रजिस्टरात पाण्याची पातळी आहे की मोटारीचे तापमान, ती पातळी मीटरमध्ये आहे की सेंटिमीटरमध्ये, हे भाषा सांगत नाही. ते उत्पादकाच्या पुस्तिकेत असते.

मॉडबसच्या या दारिद्र्याचे एक सामर्थ्यही आहे. जिला थोडेच सांगावयाचे असते तिला खोटे बोलण्यास वावही थोडाच असतो. परंतु पुस्तिका आणि तार यांच्यामध्ये एक जुना खड्डा आहे. पुस्तिकेतील क्रमांक एकापासून मोजले जातात, तारेवरील पत्ते शून्यापासून. पुस्तिकेत ‘४०००१’ म्हणून छापलेले रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाचे असते. कोष्टक भरणाऱ्याने हा एकाचा फरक एकदा विसरला की प्रत्येक नावासमोर शेजारच्या वस्तूचा आकडा येतो. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बत्तीस बिटांची संख्या दोन रजिस्टरांत विभागलेली असताना त्यांचा क्रम उलटा लागला, तर पडद्यावर बहुधा अशक्य असा आकडा उमटतो आणि चूक तत्काळ उघडकीस येते. शेजारच्या रजिस्टराचा आकडा मात्र बहुधा शक्य कोटीतला असतो. अशक्य आकडा स्वतःची फिर्याद स्वतः करतो. शक्य पण परका आकडा वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

नगर शहरास मुळा धरणाच्या जलाशयातून उपसलेले पाणी विळद येथील उपसा केंद्रामार्गे मिळते. अशा पाण्यावर अवलंबून असलेल्या केडगावसारख्या उपनगरात दोन उंच टाक्या आहेत, त्यांची पातळी शेजारशेजारच्या दोन रजिस्टरांत नोंदली जाते आणि गेटवेच्या कोष्टकात वर सांगितलेली एकाची चूक झाली आहे, असे कल्पावे. ‘पहिली टाकी’ या नावाखाली दुसरीची पातळी दिसू लागेल. दोन्ही आकडे शून्य ते पाच मीटर या मर्यादेतच असल्यामुळे कोणासही संशय येणार नाही. पहिली भरून वाहू लागेल, तरी पंप थांबणार नाही; किंवा ती रिकामी असताना पंप सुरूच होणार नाही. उपशाच्या पाण्यावर जगणाऱ्या वस्तीत वाहून गेलेली प्रत्येक टाकी म्हणजे खर्ची पडलेली वीज आणि कोणाच्या तरी हुकलेल्या पाळीचे पाणी. या संपूर्ण अपप्रकारात एकही यंत्र बिघडलेले नसते. बिघडलेले असते ते केवळ नाव आणि वस्तू यांचे नाते.

दुभाषाच्या दुसऱ्या बाजूची भाषा आज पुष्कळदा ओपीसी यूए ही असते. १९९६ मध्ये निघालेल्या मूळ ओपीसी संकेतांची मदार मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर होती. त्यापासून मुक्त होऊन रचलेली ही नवी भाषा आयईसी ६२५४१ या मानकमालेत समाविष्ट आहे. मॉडबसमध्ये जे मुळीच नव्हते, ते हिने विपुल दिले. ग्राहकाच्या जोडणीचाच क्रम पाहावा. ग्राहक प्रथम सर्व्हरला विचारतो की त्याच्याकडे प्रवेशाचे कोणते मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्गावर सुरक्षेची कोणती व्यवस्था आहे. त्यांतून एक मार्ग निवडून तो सुरक्षित वाहिनी उघडतो, तीवर सत्र स्थापन करतो, स्वतःची ओळख पटवून ते सत्र कार्यान्वित करतो, आणि मगच नोडांची विचारपूस सुरू होते. प्रत्येक नोडास तीन निरनिराळी अभिधाने असतात. एक नोड-ओळख, जी त्या सर्व्हरमध्ये अनन्य असते. दुसरे शोधनाम, ज्याच्या साहाय्याने वृक्षासारख्या रचनेत वाट काढता येते. तिसरे दर्शनी नाव, जे माणसाला दाखवावयाचे असून अनेक भाषांत देता येते. नाव, कक्षा आणि ओळख यांचा जो भेद टपालखात्याला अनुभवातून शिकावा लागला, तो या मानकाच्या कर्त्यांनी आरंभीच मान्य केला, हे त्यांचे मोठेपण निःसंशय आहे.

तथापि मानकात मान्य झालेला भेद वापरात टिकतोच असे नाही. त्याच्या पतनाची तीन स्थळे दाखविता येतील.

पहिले स्थळ नामकक्षेचे. नोड-ओळखीचे दोन भाग असतात: कक्षेचा अनुक्रमांक आणि त्या कक्षेतील ओळखचिन्ह. कक्षेचे खरे नाव एक लांबलचक, अनन्य अक्षरमालिका असते; अनुक्रमांक हा केवळ त्या सर्व्हरच्या यादीतील तिचा क्रम होय. शून्य हा क्रमांक मानकासाठी आणि एक हा स्वतः त्या सर्व्हरसाठी ठरलेला असतो. दोनपासून पुढच्या क्रमांकांना असा आधार नाही. गेटवेत नवे उपकरण जोडून तो पुन्हा सुरू केला की काल दोन असलेली कक्षा आज तीन होऊ शकते. म्हणून ग्राहकाने कक्षेचे पूर्ण नाव जतन करावे आणि प्रत्येक सत्रात तिचा चालू क्रमांक विचारून घ्यावा, अशी अपेक्षा आहे. व्यवहारात मात्र क्रमांकच लिहून ठेवला जातो, कारण तो लहान असतो आणि पहिल्या दिवशी चालतो. यादी बदलल्यावर ‘असा नोड नाही’ असे उत्तर आले तर ते सुदैवच म्हणावे. त्याच क्रमांकावर दुसऱ्या कक्षेतील दुसराच नोड सापडला, तर उत्तर मिळते आणि ते परके असते. जिल्हा न लिहिता धाडलेले केडगावचे पत्र पोचते खरे. पण दौंडला पोचते.

दुसरे स्थळ काळाचे. ओपीसी यूएमध्ये मूल्य एकटे येत नाही. त्यासोबत त्याचा दर्जा येतो: चांगला, अनिश्चित अथवा वाईट. शिवाय उगमाची वेळ आणि सर्व्हरची वेळ असे दोन काल-उल्लेख येतात. उपकरणाशी संपर्क तुटला असता गेटवेने शेवटचे ज्ञात मूल्य दिलेच, तर ते अनिश्चित म्हणून द्यावे, यासाठी स्वतंत्र संकेत आहे. मॉडबसनेही आपल्या मोजक्या शब्दसंग्रहात गेटवेसाठी दोन निरनिराळे दोषसंकेत राखून ठेवले आहेत: दहा क्रमांकाचा ‘मार्ग उपलब्ध नाही’ असे सांगतो, तर अकरा क्रमांकाचा ‘उपकरणाने उत्तर दिले नाही’ असे. वाट बंद असणे आणि घरी कोणी नसणे यांतला फरक त्या गरीब भाषेलाही कळतो. परंतु गेटवे रचणाऱ्याने हे संकेत पुढे पोचविलेच नाहीत, जुने मूल्य तसेच ठेवून त्यावर ‘चांगला’ हा शिक्का मारला आणि सर्व्हरची ताजी वेळ जोडली, तर नोड जिवंत दिसतो आणि वस्तू मृत असते. मराठीत ‘नामधारी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: नाव धारण करणारा, आणि नुसता नावापुरता. पहिल्या अर्थाचा नोड दुसऱ्या अर्थाचा केव्हा होतो, हे पडद्याकडे पाहणाऱ्यास समजावे, एवढ्यासाठीच दर्जा आणि वेळ यांची योजना आहे. जो पडदा केवळ मूल्य दाखवितो तो ही योजना व्यर्थ करतो.

तिसरे स्थळ विश्वासाचे. नोडाचे नाव कितीही नेमके असले, तरी ते नाव सांगणारा सर्व्हर खरा आहे कशावरून? यासाठी उभयपक्षी प्रमाणपत्रांची व्यवस्था आहे: ग्राहक सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतो, सर्व्हर ग्राहकाचे. नव्या ग्राहकाची पहिली जोडणी पुष्कळदा नाकारली जाते, कारण कोणीतरी जबाबदार व्यक्तीने त्याचे प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत घातलेले नसते. हा नकार म्हणजे व्यवस्थेचा दोष नसून तिचे कार्यच होय. तथापि काम अडले म्हणून सुरक्षा ‘नाही’ असा मार्ग निवडणे, किंवा येईल ते प्रमाणपत्र स्वीकारण्याची मुभा देणे, असे तात्पुरते उपाय योजले जातात आणि ते कायमचे होतात. मग सनाम नोडांचा सारा डोलारा निनाम सर्व्हरवर उभा राहतो. घरांना पाट्या आहेत, पण गाव कोणते ते विचारलेलेच नाही, अशी ही अवस्था होय.

या तिन्ही दोषांवर नामकरणाची शिस्त हा उपाय होऊ शकेल काय, या दृष्टीने विद्युत उपकेंद्रांसाठी प्रसिद्ध झालेले आयईसी ६१८५० हे मानक तुलनेस घेण्याजोगे आहे. त्यात नोडाचे मूळ नाव ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. चार अक्षरी ठरावीक नावांचा एक कोशच दिलेला आहे: मंडल-खंडकासाठी एक्ससीबीआर, विद्युत्-मापनासाठी एमएमएक्सयू, याप्रमाणे. पहिले अक्षर वर्ग सांगते. एक्स स्विचगियरचा, एम मापनाचा, पी संरक्षणाचा. नोडाच्या पोटात कोणती माहिती असावी हेही ठरलेले आहे, आणि दर्जा व वेळ यांना तेथे नेमून दिलेल्या जागा आहेत. येथे नाव हे लेबल नसून विधान आहे. ‘हा मंडल-खंडक आहे’ असे म्हणणारा नोड ‘त्याची स्थिती अमुक जागी सापडेल’ असे वचनही देतो. ओपीसी यूएतही निरनिराळ्या उद्योगांसाठी अशा पूरक नमुन्यांची योजना पुढे झाली, परंतु त्यांचा अवलंब सक्तीचा नाही.

मात्र शिस्तबद्ध नावही एका मर्यादेपलीकडे जात नाही. कोश ‘खंडक’ म्हणजे काय ते सांगतो. समोरचा खंडक कोणता, हे कोश सांगू शकत नाही. तार चुकीच्या टोकास जोडली असेल, तर निर्दोष नाव निर्दोषपणे चुकीची वस्तू दाखविते. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, पण वस्तूशी त्याची गाठ प्रत्यक्ष जागेवर जाऊनच बांधावी लागते. टाकीवर चढून पातळी मोजणे आणि तीच पातळी पडद्यावर त्याच नावाखाली दिसते की नाही हे पाहणे, या कसोटीला कोणतेही मानक पर्याय देत नाही.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. क्रमांकांवर चालणाऱ्या यंत्रणा चार दशकांहून अधिक काळ कारखाने चालवीत आल्या आहेत. अनुभवी कामगार एखादे रजिस्टर पाठ म्हणून दाखवितो. मग नावांच्या या सोपस्काराने गुंतागुंत वाढविण्याचे प्रयोजन काय? आक्षेप निराधार नाही. मध्ये जितके दुभाषे, तितकी अर्थभ्रंशाची ठिकाणे, हे खरेच आहे. परंतु ज्या यंत्रणेत क्रमांक यशस्वी झाले तेथे नाव नव्हते असे नाही. ते अनुभवी माणसाच्या स्मरणात होते. तो माणूस निवृत्त झाला की क्रमांक उरतात आणि अर्थ जातो. गेटवेने नावे दिली ती याच स्मरणाला कागदावर आणण्यासाठी. म्हणूनच नावाचे कोष्टक कोणाच्या ताब्यात आहे, ते कोणी व केव्हा बदलले आणि बदलल्यावर जागेवर जाऊन कोणी पडताळले, हे प्रश्न तांत्रिक परिशिष्टातले नसून मुख्य विषयाचेच आहेत. जे कोष्टक केवळ ठेकेदाराच्या संगणकात राहते, ते पुन्हा एकाच माणसाच्या स्मरणाइतकेच नाशवंत ठरते.

शेवटी भाषेचा मुद्दा. ओपीसी यूएमध्ये सत्र कार्यान्वित करताना ग्राहक आपल्या पसंतीच्या भाषा कळवू शकतो आणि सर्व्हर त्यानुसार दर्शनी नाव देऊ शकतो. मानकाच्या दृष्टीने ‘उंच टाकी, पाण्याची पातळी’ हे दर्शनी नाव देवनागरीत देण्यास कोणताच प्रत्यवाय नाही. तरीसुद्धा मराठी माणसाने रात्रपाळीत पाहावयाच्या पडद्यावर बहुधा इंग्रजी शब्दांची तोडलेली आद्याक्षरेच असतात. यास मानक जबाबदार नाही; मानकाने दिलेली सोय न वापरण्याची सवय जबाबदार आहे. अर्थात येथेही मूळ भेद पाळला पाहिजे. भाषांतर दर्शनी नावाचे करावे. नोड-ओळखीचे अथवा शोधनामाचे करू नये. दर्शनी नाव कितीही वेळा आणि कितीही भाषांत बदलले, तरी ग्राहकाची जोडणी तुटता कामा नये. अहमदनगरचे अहिल्यानगर होऊनही ४१४००५ क्रमांकाचे पत्र केडगावास पोचत राहते, ते नाव आणि ओळख ही कोणीतरी विचारपूर्वक वेगळी ठेवली म्हणून.

औद्योगिक गेटवेचे मूल्यमापन तो किती भाषा जाणतो आणि किती नोड वाहतो यांवर करण्याची प्रथा आहे. वरील चर्चेवरून त्याच्या परीक्षेचे प्रश्न निराळे असावयास हवेत असे दिसते. त्याचे नाव स्वतःची कक्षा सोबत घेऊन येते काय? वस्तू गप्प झाल्यावर नावही गप्प होते, की मागचेच उत्तर देत राहते? ते नाव सांगणाऱ्याची ओळख कोणी पटवून घेतली आहे काय? आणि त्या नावाखालील वस्तू एकदा तरी कोणी जागेवर जाऊन पाहिली आहे काय? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रस्थापित मानकांत उपलब्ध आहेत आणि ती वापरणे एवढेच काम शिल्लक आहे. चौथ्याचे उत्तर मात्र कोणत्याही मानकात मिळणार नाही. ते टाकीच्या शिडीवर मिळते.